डी मॉर्गन, व्हाया मुंबई

परवा रविवारी मुलुंडला ताईकडे गेलो होतो. भाचा यंदा बारावीला. गणिताच्या पुस्तकातला पहिलाच धडा तर्कशास्त्राचा, आणि स्वारी डी मॉर्गनच्या नियमांपाशी अडलेली. "मामा, हे नुसतं पाठ करू का?"

म्हटलं, थांब. "ही गाडी जलद आहे आणि मुलुंडला थांबते." हे खोटं आहे असं सांगायचं तर काय म्हणशील?

"जलद नाही आणि मुलुंडला थांबत नाही."

नाही रे राजा. दोन्हीतलं एक चुकलं तरी पुरे. जलद नाही, *किंवा* मुलुंडला थांबत नाही. नकार आत शिरला की 'आणि'चं 'किंवा' होतं, आणि 'किंवा'चं 'आणि'. झाला डी मॉर्गन! त्याला लगेच कळलं. "मराठीत सोप्पं वाटतं," म्हणाला आणि वहीत इंग्रजीत लिहू लागला.

ते वाक्य डोक्यात राहिलं. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातला. अकरावीत सर 'युनियन', 'इंटरसेक्शन' म्हणत फळा भरायचे, आणि हे आपलेच संयोग आणि छेद आहेत हे कळायला मला दिवाळी उजाडली. तोवर वर्गात हात वर केला नाही तो नाहीच. मराठीत गणित शिकून मागे पडलो, असं पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं.

आता गंमत बघा. हा ऑगस्टस डी मॉर्गन जन्मला आपल्याकडेच, १८०६ साली मदुराईला. वडील कंपनीच्या फौजेत. काही महिन्यांचा असताना इंग्लंडला गेला तो परत आला नाही. एका डोळ्याने अधू होता. एकविसाव्या वर्षी लंडनमध्ये प्राध्यापक झाला. १८४७ साली त्याचं 'फॉर्मल लॉजिक' आलं, त्याच वर्षी जॉर्ज बूलचंही तर्काच्या गणितावरचं पुस्तक आलं. 'गणिती विगमना'ला पक्कं नाव मिळालं ते त्याच्यामुळे. एडा लव्हलेसला त्याने गणित शिकवलं. संबंधांच्या तर्कशास्त्राचा त्याने धरलेला धागा अमेरिकेत पर्सने पुढे नेला. आमच्या आयटीवाल्या वाचकांनी 'इफ'चा कंस सोपा करताना त्याला किती वेळा वापरलंय ते स्वतःच मोजावं :-) खरं तर नियमांचा आशय ऑकमच्या विल्यमने पाचशे वर्षं आधीच शब्दांत सांगितला होता. नाव मात्र यालाच मिळालं. असो.

पण डी मॉर्गनचा प्रभाव मुंबईत आधी पोचला तो तर्कशास्त्रातून नव्हे, शाळेच्या पुस्तकातून. १८४८ साली त्याच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकाचं मराठी भाषांतर मुंबईत शिळाछापावर निघालं. भाषांतरकार तिघे: कर्नल जॉर्ज जर्व्हिस, विष्णु सुंदर छत्रे आणि गंगाधरशास्त्री फडके. यातल्या गंगाधरशास्त्र्यांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं होतं. गणिताच्या पुस्तकाला व्याकरणकार लागला यात मला काही नवल वाटत नाही. नुसत्या रीती पाठ करू नका, प्रत्येक पायरीचं कारण विचारा, हा डी मॉर्गनचा आग्रह होता. आकडेमोड कुठल्याही भाषेत उतरवता येते, पण 'कारण', 'म्हणून', 'जर', 'तर' यांची उतरंड लावायला भाषा हातातली लागते.

आणि साल बघा. आदल्याच वर्षी, १८४७ मध्ये, मुंबईच्या शिक्षण मंडळात जोरदार भांडण झालं होतं. अध्यक्ष अर्स्किन पेरी म्हणत होते, वरचं शिक्षण इंग्रजीतून द्या. जर्व्हिस म्हणत होते, देशी भाषांतून. जगन्नाथ शंकरशेट आणि मंडळातले इतर दोन एतद्देशीय सभासद जर्व्हिसच्या बाजूने उभे राहिले. सरकारने कोणालाच पुरतं दुखावलं नाही, पण पुढे मोठ्या शिक्षणाची वाट इंग्रजीच्याच हातात गेली. भांडण चालू असताना जर्व्हिस नुसते टिपण लिहून थांबले नाहीत, दोन मराठी विद्वानांना सोबत घेऊन त्यांनी लंडनचं चालू गणित मराठीत आणून दाखवलं. मला हे उत्तर कुठल्याही भाषणापेक्षा मोठं वाटतं.

डी मॉर्गनलाही इथल्या बुद्धीची कदर होती. दिल्लीच्या रामचंद्रांचं महत्तम-लघुतमावरचं पुस्तक त्याच्या हाती आलं, तेव्हा त्याने खटपट करून १८५९ साली ते लंडनमध्ये पुन्हा छापवलं आणि लांबलचक प्रस्तावना लिहिली. रामचंद्रांना निदान ती प्रस्तावना मिळाली. छत्रे-फडक्यांना काय मिळालं?

हे सगळं भाच्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, "म्हणजे तू अकरावीत उगाच घाबरलास."

तेवढ्यात ताई आतून ओरडली, "चहा किंवा कॉफी, काही हवंय का रे?"

"नको!" भाचा म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हळूच, "म्हणजे चहा नको *आणि* कॉफी नको."

मला चहा हवा होता.