छापखान्याचे नाव नसलेला कागद



1867 साली इंग्रज सरकारने छापखान्यांचा कायदा केला. प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छापखान्याचे ठिकाण असलेच पाहिजे, असे त्याचे एक कलम होते. हेतू लोकहिताचा नव्हता. लिहिणाऱ्यावर नजर ठेवायची होती. परंतु कामगार चळवळीत आम्हांला त्या कलमाचा निराळाच उपयोग झाला. संपाच्या दिवसांत फाटकावर 'तडजोड झाली, कामावर या' अशी पत्रके येत, तेव्हा जुने कामगार मजकुराआधी कागदाची तळची ओळ पाहत. तेथे नाव नसले की पत्रक कोणाचे, हे न सांगता कळे.

मोबाइलवरच्या निरोपाला ही तळची ओळच नाही. निरोप मेहुण्याने धाडला म्हणून आपण खरा मानतो. मेहुण्याला तो कोणी धाडला, हे विचारीत नाही.

21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध पितो ही वार्ता टेलिफोनवरून एका दिवसात देशभर गेली. दूध वाया गेले, एवढेच. 2018 साली मात्र माणसे गेली. मुले पळवणारी टोळी आल्याचे निरोप त्या वर्षी गावोगाव फिरत होते. देशभर फिरलेली एक चित्रफीत तर मुलांच्या सुरक्षिततेसाठी कराचीत काढलेली होती. मूल परत आणून देतात तो शेवट कापलेला. 1 जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तेथे आली होती. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेवर फिरणारी ही जमात. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. मूल हरवल्याची फिर्याद कोणत्या ठाण्यात आहे, एवढे कोणी विचारले असते तर!

तुम्हां पवनानगरकरांना हे नवे नाही. पावसाळ्यात धरणाविषयी आवई उठली की शहाणा माणूस पाटबंधारे खात्याची सूचना शोधतो: किती क्युसेक, किती वाजता, सही कोणाची. आवईत यांतले काहीच नसते.

त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, असे बंधन जाहीर केले. वेग थोडा आवरला. तळची ओळ काही आली नाही. 16 एप्रिल 2020 रोजी, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातील गडचिंचल्याला चोरांच्या अफवेवरून दोन साधू व त्यांचा मोटारचालक मारले गेले. तेथे तर पोलीस हजर होते.