दोन कंपन्या, एक नाव आणि पायलटांचे तास

पायलटांच्या पगाराचा विषय काढला की आपल्यातले अनेक कार्यकर्ते तोंड फिरवतात. लाखोंनी पगार घेणाऱ्यांचं रडगाणं आपण का ऐकायचं, असा त्यांचा सवाल असतो. सवाल चुकीचा नाही. पण कामगारांना आपसात कसं झुंजवलं जातं, हे शिकायचं असेल तर एअर इंडियाच्या विलीनीकरणाइतका स्वच्छ धडा दुसरा नाही. म्हणून आम्ही तो इथे मांडत आहोत.

सुरुवात १९५३ पासून करावी लागेल. त्या वर्षीच्या एअर कॉर्पोरेशन्स कायद्याने खासगी विमानसेवा सरकारने ताब्यात घेतली आणि दोन महामंडळं उभी केली. परदेशी उड्डाणं एअर इंडियाकडे, देशातली इंडियन एअरलाइन्सकडे. आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स बनली, म्हणजे तिचा जन्मच विलीनीकरणातून झाला. पुढची पन्नासहून अधिक वर्षं या दोन संस्था सवत्यांसारख्या नांदल्या. एकीचं मुख्यालय मुंबईत, दुसरीचं दिल्लीत. पायलटांच्या संघटनाही दोन: एअर इंडियात इंडियन पायलट्स गिल्ड, इंडियन एअरलाइन्समध्ये इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. पगाराचे करार वेगळे, बढतीच्या याद्या वेगळ्या, भत्त्यांचे हिशोब वेगळे.

२००७ मध्ये सरकारने दोघींना एकत्र केलं. कागदावर नवी कंपनी आली, पुढे तिचं नावही पुन्हा एअर इंडिया झालं. दोन्हींनी मिळून १११ नव्या विमानांची मागणी आधीच नोंदवली होती आणि कर्जाचा डोंगर वाढत होता. विमानांचा रंग एक झाला. कामगारांचे करार मात्र जसेच्या तसे दोन राहिले. आमच्या मते सगळ्या भांडणाचं मूळ इथेच आहे. लग्न लावून दिलं, पण चुली वेगळ्याच ठेवल्या.

आता पायलटचा पगार कसा ठरतो ते समजून घेऊ, कारण खरी मेख तिथे आहे. मूळ पगार लहान असतो. मोठा भाग असतो उड्डाणाच्या तासांवर मिळणारा भत्ता. हा तास मोजला जातो विमान जागेवरून हललं तिथपासून ते पुन्हा थांबेपर्यंत. समजा एक पायलट मुंबई–नागपूर–मुंबई आणि मग मुंबई–गोवा–मुंबई असं एका दिवसात करतो. त्याचे मोजलेले तास भरतील साधारण साडेपाच. पण तो ड्यूटीवर असतो आठ-नऊ तास. त्यात चार वेळा उड्डाण, चार वेळा उतरणं, मधे प्रवासी चढ-उतार, हवामानाचे कागद, ट्रॅफिकमुळे थांबणं. दुसरा पायलट मोठ्या विमानात बसून समुद्रापार जातो. त्याचा थकवा वेगळा आहे, झोपेचं चक्र मोडतं, घर दिवसेंदिवस दिसत नाही. पण एका उड्डाणातच त्याचे पुष्कळ तास भरतात. घड्याळ एकच, मोजणारा एकच, तरी दोघांच्या दिवसाची किंमत निराळी.

इंडियन एअरलाइन्सचे पायलट म्हणू लागले, कंपनी एक तर पगारही एक हवा. एअर इंडियाचे पायलट म्हणत होते, आमच्याकडे कमांडर व्हायला जास्त वर्षं लागतात, तुमची माणसं आमच्या डोक्यावर बसणार. दोघांचीही तक्रार खरी होती. आणि दोघांच्याही तक्रारीचं कारण दुसरा पायलट नव्हता, अर्धवट विलीनीकरण करणारे होते.

२०११ च्या एप्रिलअखेरीस इंडियन एअरलाइन्सच्या जुन्या पायलटांनी समान वेतनासाठी संप केला. दहा दिवस चालला. संघटनेची मान्यता काढली, काहींना बडतर्फ केलं, दिल्ली उच्च न्यायालयाने कामावर परतायला सांगितलं. त्या दिवसांत परदेशी उड्डाणं बऱ्याच अंशी चालू राहिली. मग सेवानिवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली आणि तिने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. विलीनीकरणानंतर जवळपास पाच वर्षांनी! पुढे मे २०१२ मध्ये उलटी बाजू संपावर गेली. नवी ड्रीमलायनर विमानं येणार होती, त्यांचं प्रशिक्षण जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनाही देण्याला गिल्डचा विरोध होता. ५८ दिवस संप चालला, सुमारे शंभर पायलट बडतर्फ झाले, गिल्डचीही मान्यता गेली. या वेळी देशातली विमानं उडत राहिली.

दोन वर्षांत दोन संप, दोन्ही वेळा दुसरा अर्धा हिस्सा कामावर. व्यवस्थापनाला यापेक्षा अधिक काय हवं होतं?

संप बेकायदेशीर ठरवण्याची ही चाल जुनी आहे. १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणलं तेव्हा बाबासाहेबांनी विधिमंडळात नेमका हाच मुद्दा धरला होता. काम सोडणं फार तर करारभंग आहे, त्याला गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला मर्जीविरुद्ध राबवणं, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला जो एक दिवसाचा संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले होते. मतभेद पुष्कळ होते, तरी उतरले. पायलटांच्या दोन संघटनांना एका कंपनीत राहून ते जमलं नाही.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. मग विस्तारा तिच्यात विलीन करायचं ठरलं. विस्ताराच्या पायलटांना तोवर महिन्याला ७० तासांच्या भत्त्याची हमी होती. तास कमी मिळाले तरी ७० चे पैसे. नव्या रचनेत हमी ४० तासांवर आली, त्यावरचे तास उडाल तर वेगळे पैसे. ऐकायला न्याय्य वाटतं. पण तास वाटतो कोण? रोस्टर बनवणारा. पायलटला ५० तास दिले, तर पूर्वी त्याला ७० चे मिळत, आता ५० चेच मिळणार. शिवाय अंग थकलेलं असताना 'मला आज जमणार नाही' म्हणणं महाग पडतं. एप्रिल २०२४ च्या पहिल्या आठवड्यात अनेक पायलट आजारपणाच्या रजेवर गेले, शंभरहून जास्त उड्डाणं रद्द झाली. कंपनीने रोजची उड्डाणं कमी केली आणि वेळापत्रक सैल करायचं कबूल केलं. १२ नोव्हेंबर २०२४ ला विलीनीकरण पूर्ण झालं.

त्याच वर्षी जानेवारीत विमान वाहतूक महासंचालनालयाने पायलटांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास करण्याचे नियम काढले होते. जूनपासून ते लागू व्हायचे होते. विमान कंपन्यांनी ओरड केली आणि ते पुढे ढकलले गेले. शेवटी न्यायालयात प्रकरण गेल्यावर २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले. विश्रांतीसाठी पायलटांना कोर्टाची पायरी चढावी लागते, तर सफाईवाल्याने काय करावं?

पायलटांवर आमची एक तक्रारही आहे. या भांडणाच्या काळातच विमानाखाली सामान चढवणारे लोडर वेगळ्या उपकंपनीत, मुदतीच्या करारावर ढकलले गेले. २०११ आणि २०१२ च्या संपांत मुख्य मागण्या पायलटांच्याच पगाराच्या, बढतीच्या आणि प्रशिक्षणाच्या होत्या. कंपनी विकली गेली तेव्हा सरकारी उपक्रम म्हणून लागू असलेलं अनुसूचित जाती-जमातींचं आरक्षणही नव्या भरतीपुरतं संपलं. त्याची चर्चा तर वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवरही फारशी दिसली नाही.

विस्ताराचे पायलट ७० आणि ४० चा हिशोब करत होते त्याच वर्षी, जुलैमध्ये, मुंबईत कलिना इथे लोडरच्या सुमारे २,२०० जागांसाठी थेट मुलाखती ठेवल्या होत्या. बातम्यांनुसार २५ हजारांवर तरुण आले. आपली पोरं गाव सोडून, रात्रभर प्रवास करून तिथे पोहोचली होती. गर्दी आवरेना, तेव्हा अर्ज टाकून घरी जा असं त्यांना सांगण्यात आलं.