‘खाणकामगारांचा दमा’ : एका रोगनामाचा इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या ॲपलेशियन कोळसाखाणींत कंपनीच्या डॉक्टराचे मानधन कामगारांच्या वेतनातून कापले जाई; नेमणूक मात्र कंपनी करी. कामगारांना लागणारी धाप त्याच्या लेखी ‘खाणकामगारांचा दमा’, म्हणजे त्या धंद्यातील नित्याची बाब होती. कोळशाच्या धुळीने होणारा हा फुप्फुसविकार ब्रिटनने १९४३ साली भरपाईस पात्र मानला, तरी अमेरिकेत ही दृष्टी टिकून राहिली. कामगारांनी त्यास ‘काळे फुप्फुस’ म्हटले. पहिल्या नावाने विकार धंद्याचा स्वभाव ठरतो. दुसरे धुळीकडे बोट दाखविते. फेब्रुवारी १९६९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात सुमारे ४०,००० कामगारांनी याच नावाने संप केला. त्याच वर्षीच्या संघराज्यीय कायद्याने धुळीस मर्यादा घातली व पीडितांस भरपाई दिली. कायद्याने अखेर कामगारांचेच निदान ग्राह्य धरले, असे म्हणावे लागते.