ट्रायटन : दोन कारखान्यांची एक मोटरसायकल

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये कामगारवर्गातील तरुणांच्या हाती थोडा पैसा खेळू लागला आणि १९५८ मध्ये हप्त्यांवरील खरेदीचे सरकारी निर्बंध उठल्यावर मोटरसायकल त्यांच्या आवाक्यात आली. शर्यतीसाठी बांधलेली गाडी मात्र त्यांच्या ऐपतीबाहेरच राहिली. वस्तीबाहेरच्या रस्त्यांवर डिसेंबर १९६५ पर्यंत वेगमर्यादा नव्हती. त्यामुळे ताशी शंभर मैलांचा, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरचा वेग गाठणे हे या तरुणांचे ध्येय बनले आणि लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरील एस कॅफे हा त्यांचा अड्डा झाला. तेथे जमणाऱ्यांना आणि पुढे त्यांच्या गाड्यांनाही ‘कॅफे रेसर’ म्हटले जाऊ लागले.

आरंभीच्या सुधारणा अल्पखर्चाच्या होत्या. मूळ उंच हँडल काढून पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांवर थेट आवळले जाणारे दोन आखूड दांडे, म्हणजे ‘क्लिप-ऑन’, बसवले की चालक टाकीवर ओणवा होई आणि वाऱ्याचा विरोध घटे. फुटरेस्ट मागे आणि किंचित वर नेले की तशा बैठकीत पायांना आधार मिळे व वळणावर गाडी अधिक कलली तरी ते जमिनीला घासत नसत.

खरी अडचण याहून खोल होती. ट्रायम्फचे दोन सिलिंडरांचे इंजिन जोमदार व सहज सुधारता येण्याजोगे होते, परंतु त्याची चासी वेगात डगमगे. नॉर्टनची चासी उलट अढळ होती. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस यांनी रचलेल्या या चासीत नळ्यांची दोन बंद कडी शेजारी-शेजारी जोडलेली असत, आणि तिच्यावर बसणे पिसांच्या गादीवर बसण्यासारखे आहे, या शर्यतपटू हॅरॉल्ड डॅनिएल यांच्या उद्गारावरून तिला ‘फेदरबेड’ हे नाव पडले. १९५० मध्ये जेफ ड्यूक यांनी आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत तिच्यावरच जिंकली. योगायोग असा की, छोट्या शर्यती मोटारी बांधणाऱ्यांना नॉर्टनचे ‘मँक्स’ इंजिन हवे असे, पण कंपनी ते सुटे विकत नसल्याने त्यांना अख्खी मोटरसायकल घ्यावी लागे आणि इंजिन काढून घेतल्यावर उरलेला सांगाडा विक्रीस येई.

अशा सांगाड्यात ट्रायम्फचे इंजिन बसवून ‘ट्रायटन’ तयार झाली. या जोडणीचे मर्म इंजिन व गिअरबॉक्स चासीला धरून ठेवणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांत होते : पुठ्ठ्याचा साचा कापून, इंजिन योग्य उंचीवर टेकवून, भोके पाडून, कानशीने कडा घासून त्या बसवाव्या लागत, आणि गिअरबॉक्सचे व मागच्या चाकाचे दातेरी चक्र एका रेषेत आले नाही तर साखळी झिजे किंवा तुटे. हे काम करणाऱ्यांपैकी अनेकांपाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती, तरी शक्ती वाढवण्यापूर्वी ती पेलणारा सांगाडा हवा हे त्यांनी ओळखले होते, आणि वर्तमानपत्रांनी त्यांना केवळ बेफाम पोरे ठरवताना या कारागिरीची दखल घेतली नाही, हा त्यांच्यावरचा अन्यायच म्हणावा लागेल. १९६५ मध्ये डेव्ह डेगेन्स व रेक्स बुचर यांनी बार्सिलोनाची चोवीस तासांची शर्यत ट्रायटनवर जिंकली, तेव्हा या कामाचा कस जगासमोर आला.

त्याच सुमारास रॉयल एनफिल्डने आखूड हँडल व मागे नेलेले फुटरेस्ट कारखान्यातूनच बसवलेली २५० सीसीची ‘कॉन्टिनेंटल जीटी’ विक्रीस आणली. ब्रिटिश कंपनी पुढे बंद पडली, पण चेन्नईच्या रॉयल एनफिल्डने २०१३ मध्ये हेच नाव ५३५ सीसीच्या गाडीला दिले आणि तिची चासी विकसित करण्याचे काम शर्यतीच्या चासींसाठी ख्यातनाम असलेल्या ‘हॅरिस परफॉर्मन्स’ या ब्रिटिश संस्थेकडे सोपवले.