परदेशी शिक्षण आणि रुपयाचे मोल

ज्ञातिबांधवांची मुले आज विद्यार्जनार्थ परदेशी जातात, म्हणून एका जुन्या प्रसंगाचे स्मरण आम्ही देऊ इच्छितो. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांस झाला. मुलाच्या हजार डॉलरांसाठी ४,७६० रुपये गाठीस बांधलेल्या पित्यास आणखी २,७४० रुपये उभे करणे प्राप्त झाले. परकीय चलन १९४७ च्या कायद्यान्वये रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली असल्याने ते मनास येईल तेव्हा आगाऊ घेऊन ठेवण्याची सोयही नव्हती. पुढे ती बंधने सैल झाली; विनिमयाचा दर मात्र आता रोजच हलतो. यास्तव मंडळाने परदेशी शिष्यवृत्ती देताना रुपयांच्या ठरीव आकड्यावर न थांबता त्या देशाच्या चलनात गरज मोजावी, अशी आमची नम्र सूचना आहे.