खर्रा, पाणबुडी आणि औषधाची चिठ्ठी : तंबाखूमुक्तीचा एक इतिहास

१/ मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील गाव. भोवतीची भूमी चुनखडीची आणि कोळशाची. या मुलखाचा ओळखीचा तंबाखू म्हणजे खर्रा: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला. तंबाखू सोडवणारी औषधे मात्र घडली ती धूम्रपान करणाऱ्यांसाठी. ही तफावत कशी निर्माण झाली, त्याचा हा धागा.

२/ प्रारंभ दख्खनेतच होतो. पोर्तुगीजांमार्फत आलेला तंबाखू विजापुरात रुळला होता. इ. स. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग तो विजापूरहून मुघल दरबारी घेऊन गेला. बादशहाने तो ओढून पाहिला आणि राजवैद्याने तत्काळ हरकत घेतली. सवय आणि वैद्यकीय इशारा दरबारात जोडीनेच आले. टिकली ती सवय.

३/ त्या इशाऱ्याला शास्त्रीय आधार मिळण्यास साडेतीन शतके लागली, आणि त्या कार्यात मुंबईचा वाटा मोठा होता. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांघवी व राव यांच्यासमवेत १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यात तंबाखू ओढणे आणि चघळणे, या दोहोंचा कर्करोगाशी असलेला संबंध तपासला होता.

४/ पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता यांच्या चमूने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील १,०१,७६१ लोकांची मुखतपासणी केली. तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतर याच परंपरेत भारतातील ३६,००० तंबाखूसेवकांना समजावून सवय सोडवण्याचा प्रयोग झाला. १९८६ च्या लॅन्सेटमधील अहवालानुसार, ज्यांनी तंबाखू कमी केला वा सोडला, त्यांच्या तोंडातील कर्करोगपूर्व डागांचे प्रमाण घटले. त्या संशोधकांच्या हाती गोळी नव्हती, केवळ शब्द होते.

५/ औषधाची कथा त्याच काळात स्वीडनमध्ये सुरू झाली. १९६७ च्या डिसेंबरात लुंड विद्यापीठातील लुंडग्रेन आणि लिश्टनेकर्ट यांनी लिओ या औषध कंपनीतील ओव्हे फर्नो यांना एक पत्र लिहिले. पाणबुडीतील नाविकांना आत सिगारेट ओढता येत नसे, तेव्हा ते तोंडात तंबाखू धरून तलफ भागवीत. मग शुद्ध निकोटिनच तोंडावाटे देता येणार नाही का, असा प्रश्न त्यातून पुढे आला.

६/ फर्नो यांनी निकोटिन च्युइंगममध्ये बसवले. परंतु तोंडातील आम्लतेमुळे ते नीट शोषले जाईना. म्हणून त्यांनी गममध्ये अल्कधर्मी क्षार मिसळले. विदर्भाच्या पानठेल्यावर हे रसायन नवे नाही. खर्ऱ्यातील चुना हेच काम करतो: निकोटिन मोकळे करून गालाच्या अस्तरातून रक्तात पोहोचवतो. धूम्रपानावरील पहिल्या आधुनिक औषधाची कल्पना अशी तोंडातल्या तंबाखूवरूनच सुचलेली होती.

७/ या गमला १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने आणि १९८४ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत तो आरंभी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळे. १९८८ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने निकोटिन हे व्यसन लावणारे द्रव्य असल्याचे स्पष्ट मांडले. ज्याला ‘मनाचा दुबळेपणा’ म्हटले जाई, तो आता उपचारयोग्य विकार ठरला.

८/ दुसरा प्रवाह पूर्व युरोपातला. लॅबर्नम या पिवळ्या फुलांच्या झाडात सायटिसिन नावाचे द्रव्य असते. महायुद्धाच्या टंचाईत सैनिकांनी त्याची पाने तंबाखूऐवजी ओढली होती. बल्गेरियाने १९६४ मध्ये त्यापासून गोळी बाजारात आणली, पण पश्चिमेने तिच्याकडे दीर्घकाळ लक्ष दिले नाही. वॉर्सातील ७४० जणांवरील चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर गोळी घेणाऱ्यांपैकी ८.४ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी २.४ टक्के लोक धूम्रपानापासून दूर राहिले होते.

९/ सायटिसिनच्या रचनेवरूनच व्हॅरेनिक्लीन घडले. अमेरिकेत त्याला २००६ मध्ये मान्यता मिळाली. मेंदूतील निकोटिनच्या जागी हे औषध स्वतः बसते, थोडी चेतना देऊन तलफ शमवते आणि खऱ्या निकोटिनला वाव ठेवत नाही. त्याआधी १९९७ मध्ये, मुळात नैराश्यावरील असलेले ब्युप्रोपियन याच कामासाठी मान्य झाले होते.

१०/ या गोळ्यांना चिठ्ठी का लागते? फेफरे येणाऱ्यास ब्युप्रोपियन देत नाहीत. मूत्रपिंडाचा विकार गंभीर असल्यास व्हॅरेनिक्लीनची मात्रा कमी करावी लागते. त्याच्या मानसिक दुष्परिणामांच्या शंकेमुळे अमेरिकेने २००९ मध्ये वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला. पुढे ८,१४४ जणांच्या अभ्यासाने ती भीती बरीच निवळली आणि २०१६ मध्ये तो इशारा काढण्यात आला.

११/ आता पुन्हा महाराष्ट्रात. २००२ साली देशात १३ तंबाखूमुक्ती केंद्रे उघडली, त्यांत टाटा मेमोरियल होते. २०२२ मध्ये निकोटिनचे पर्यायी उपचार राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. तथापि २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. औषधांच्या बहुतेक चाचण्या मात्र त्या पहिल्या, लहान गटासारख्या लोकांवर झालेल्या.

१२/ दिल्लीच्या एम्सने चघळण्याचा तंबाखू घेणाऱ्या २३७ जणांना व्हॅरेनिक्लीन देऊन पाहिले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात औषधाचा लाभ माफक दिसला. खर्ऱ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. सुपारीची स्वतःचीही सवय लागते आणि ती स्वतंत्रपणे कर्करोगकारक आहे. गोळी निकोटिनची तलफ शमवते, सुपारीची नव्हे.

१३/ बांगलादेश व पाकिस्तानातील २,४७२ क्षयरुग्णांवरील सायटिसिनची चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी औषधाच्या गटातील ३२.४ टक्के आणि निष्क्रिय गोळीच्या गटातील २९.७ टक्के रुग्ण धूम्रपानमुक्त होते. समुपदेशन दोन्ही गटांना मिळाले होते. वॉर्साच्या आकड्यांशेजारी हे आकडे ठेवले की माणसाच्या आधाराचे मोल कळते. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेले ‘मुक्तिपथ’ अभियान गावसंघटनेच्या बळावर उभे आहे, ते याच कारणाने.

१४/ जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची पहिली मार्गदर्शिका काढली. तीत धूरविरहित तंबाखूसाठी सखोल समुपदेशन आणि जोडीला निकोटिनचे पर्यायी उपचार किंवा व्हॅरेनिक्लीन सुचवले आहे. पाणबुडीतून निघालेले औषध अशा रीतीने तोंडातल्या तंबाखूपाशी परतले.

१५/ व्यसनाची तीव्रता जोखण्यासाठी डॉक्टर आजही विचारतात की जाग आल्यावर किती वेळात पहिली सिगारेट लागते. हा प्रश्न १९७८ साली स्वीडनच्याच कार्ल फागरस्ट्रोम यांनी आपल्या प्रश्नावलीत घातला. मुकुटबनच्या कामगाराला तो खर्ऱ्याबद्दल विचारायला हवा, आणि उत्तर ऐकल्यावर चिठ्ठीसोबत पुढल्या भेटीची तारीखही द्यायला हवी. राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे.

(धागा समाप्त)