खाजणांचा इतिहास मांडताना

पाणथळ जागांविषयी शैक्षणिक प्रदर्शन भरवावयाचे झाले, की पक्ष्यांची छायाचित्रे भिंतीवर चढतात आणि प्रेक्षक समाधानाने परततात. पक्षी हवेतच, परंतु तारापूर ते सातपाटी या आपल्या किनाऱ्यावर खाजणांचा इतिहास हा मुख्यतः माणसांच्या श्रमाचा इतिहास आहे. ज्ञातीने असे प्रदर्शन योजल्यास आरंभ तेथूनच व्हावा.

तारापूरचा कोट मराठ्यांनी जानेवारी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला आणि त्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकर पडले, ही हकिकत इतिहासप्रेमींस ठाऊक असते. खाडीकाठी मातीचे बांध कोणी घातले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. बांधाआत शेतकऱ्याचे भात, बांधाबाहेर आपले जाळे. सुक्या मासळीच्या बदल्यात भात, या देवघेवीवर दोन्ही घरे चालली. बांधातील उघाडी भरतीच्या दाबाने आपोआप मिटते व ओहोटीस आतले पावसाचे पाणी बाहेर सोडते. हिची लाकडी प्रतिकृती करून मुलांच्या हाती पाण्याचा तांब्या द्यावा. दहा फलकांनी होणार नाही इतके काम ती एकटी करील. सरकारने खार जमिनींसाठी कायदा केला तो १९४८ साली. त्यापूर्वी हे बांध गावकीच्या हातांनीच राखले जात.

दुसरे दालन भरतीच्या गणिताचे असावे. भरती रोज सुमारे दोन घटका उशिरा येते; म्हणून तिथी ठाऊक असली की वेळ कळते. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. ज्या वृद्धा हे बोटांवर मोजतात, त्यांच्याकडून खाडीच्या फाट्यांची, तिवरांच्या बनांची आणि निवट्या-चिंबोऱ्यांच्या जागांची नावे लिहून घेण्यास विलंब नको.

२०१७ च्या केंद्रीय नियमांनी पाणथळ जागेच्या व्याख्येतून भातशेती व मिठागरे वगळली आहेत. म्हणजे ज्या जागांत आपल्या परिसराचा सांस्कृतिक वारसा सर्वाधिक आहे, नेमक्या त्याच या नियमांच्या बाहेर राहिल्या!

तारापूरचे नाव जगास १९६९ पासून अणुवीजकेंद्रामुळे परिचित झाले, पुढे कारखान्यांची वसाहत वाढली, आणि सांडपाणी खाडीत व समुद्रात उतरू लागले. त्याविरुद्ध मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे अर्ज केला. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने प्रदूषकांकडून भरपाई घेण्याचा निकाल दिला. ज्ञातिसंस्थेने खाडीसाठी दाद मागावी, ही या इतिहासातील सामान्य गोष्ट नव्हे. त्या निकालाची प्रत डोलीच्या जाळ्याशेजारी ठेवावी. काचेच्या पेटीत नव्हे, तर उघड्या मेजावर, ज्याला त्याला पाने उलटून वाचता येईल अशी.